डाग आधी दाखवायचा

टकळीच्या तोंडून आजवर कितीतरी जणांची लग्नं लागली होती, आणि त्यांतलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं.

तिचा धंदाच तसला. त्या परक्या देशातल्या त्या शहरात आपली भाषा आणि तिकडची भाषा अशा दोन्ही येणारी, शपथ घेतलेली सरकारमान्य दुभाषी ती एकटीच. आपल्याकडचा एखादा आचारी तिकडच्या मुलीशी लग्न करायला निघाला, नाहीतर आपल्याकडची एखादी नर्स तिकडच्या मुलाशी, की दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून टकळी बसायची. दुभाष्याचा पहिला नियम असा, की समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘तो असं म्हणतोय’ वगैरे चालत नाही. त्यामुळे ‘मी हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतो’ हे वाक्य टकळीनं भल्याभल्या मिशीवाल्यांच्या वतीनं, चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हटलं होतं.

टकळी हे अर्थात घरचं नाव. लहानपणी बोलायला लागली ती थांबेचना, म्हणून आईनं ठेवलेलं. आणि आता या टकळीचंच लग्न ठरलं होतं, तिकडच्याच एका नागरिकाशी. त्याला आई फोनवर ‘तुझा तो लिफ्टवाला’ म्हणायची.

तो होताच लिफ्टवाला. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. विवाह निबंधकांचं कार्यालय एका उंच इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर होतं आणि टकळी एरवी तिथे जिन्यानं जायची. व्यायाम होतो, असं सगळ्यांना सांगायची. एकदा फारच उशीर झाला म्हणून लिफ्टमध्ये शिरली आणि दोन मजल्यांच्या मध्येच घोडं अडलं. दिवा विझला. थोड्या वेळानं बाहेरून ठक ठक झालं आणि एक शांत आवाज म्हणाला, “मी दुरुस्ती करणारा. घाबरू नका. बोलत राहा, मी इथंच आहे.”

बोलत राहा! टकळीला जन्मात कोणी असं सांगितलं नव्हतं. ती बोलत राहिली. हवामान, भाज्या, घरमालकीण, तिकडच्या व्याकरणातला गाढवपणा, आईचं कापडाचं दुकान, काही म्हणता काही सोडलं नाही. दार उघडलं तेव्हा समोर हातात पाना घेतलेला एक उंच माणूस गालातल्या गालात हसत उभा होता. पुढचं सांगायला नको.

पण प्रेमात पडणं वेगळं आणि तिकडच्या नागरिकाशी कायदेशीर लग्न करणं वेगळं. दुसऱ्यांच्या फायली हाताळताना ‘होतं हो सगळं’ असं धीरानं सांगणाऱ्या टकळीच्या स्वतःच्या फायलीनं तिच्या नाकी नऊ आणले. जन्मदाखला हवा, त्यावर आपल्याकडच्या कचेरीचा शिक्का हवा, आणि तो शिक्का खरा आहे असं सांगणारा आणखी एक शिक्का हवा. अविवाहित असल्याचा दाखला हवा, तो ताजा हवा, मुदत संपली की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्याचं शपथेवरचं भाषांतर हवं. ते टकळीनं एका बैठकीत करून टेबलावर ठेवलं, तर निबंधकबाईंनी ते हळूच परत सरकवलं.

“स्वतःच्या कागदांचं भाषांतर स्वतः करता येत नाही.”

“पण या शहरात मीच एकटी आहे!”

“मग दुसऱ्या शहरात पाठवा.”

दुसऱ्या शहरातल्या दुभाष्यानं इतके दिवस लावले, आणि इतक्या चुका करून ठेवल्या, की टकळीनं ते वाचताना कपाळावर हात मारून घेतला. पण शिक्का त्याचा होता. या सगळ्या उपद्व्यापात अविवाहितपणाचा दाखला शिळा होत आला. निबंधकबाईंनी कसाबसा जो दिवस दिला तो नेमका दाखल्याचा शेवटचा दिवस होता. त्या दिवशी लग्न लागलं तर लागलं, नाहीतर सगळे शिक्के पुन्हा पहिल्यापासून.

तरीही टकळीच्या जिवाला घोर होता तो दाखल्याचा नव्हे. घोर होता आईचा.

आई आणि मामा लग्नासाठी येऊन दाखल झाले होते. मामा सारखा फोटो काढत होता, लिफ्टवाल्याच्या पाठीवर थापा मारत होता, ‘चांगला गडी आहे’ म्हणत होता. आई मात्र त्याच्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हती. त्यानं केलेला स्वयंपाक तिनं खाल्ला, त्यानं आणलेली फुलं पाण्यात ठेवली, त्याच्या शर्टाचं कापड बोटांत धरून पाहिलं आणि ‘सूत बरं आहे’ म्हणाली. बस. सूत बरं आहे! टकळीला दोन भाषा येत होत्या, पण या वाक्याचा अर्थ तिला कुठल्याच भाषेत लावता येईना.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी टकळीनं दोघांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तालीम घेतली.

“निबंधकबाई आधी आम्हाला विचारतील. मग सगळ्यांकडे बघून विचारतील, या लग्नाला कोणाची हरकत आहे का? ज्याची असेल त्यानं उभं राहायचं, असा इथला कायदा आहे. तेव्हा त्या वेळी कुणीही उठायचं नाही. मामा, तुला सांगतेय. फोटो बसून काढायचा. शिंक आली तरी बसून शिंकायचं.”

“आणि चुकून उठलो तर?”

“तर त्याच क्षणी कार्य थांबतं, जबाब होतो, आणि हरकत गंभीर निघाली तर कागद वरच्या कचेरीत जातात. मग दाखला संपला. मग मी संपले.”

आई टेबलावरच्या कापडाची घडी नीट करत होती. “कायदा आणखी काय काय बघतो?”

“वय. आधीचं लग्न नाही ना. कोणी बळजबरी करत नाही ना. आणि दोघांनी एकमेकांपासून काही महत्त्वाचं लपवलेलं नाही ना.”

“आणि आईचा होकार कुठे लावायचा?”

“तो लागत नाही, आई.”

हे वाक्य टकळीनं कामावर शेकडो वेळा म्हटलं होतं, पण आज ते तोंडातून गेलं आणि तिला स्वतःलाच कसंसं झालं. आई घडीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “आणि लपवलेलं असलं तर?”

“तर लग्न पुढे रद्दसुद्धा होऊ शकतं.”

“हं,” आई म्हणाली. “हा कायदा मला पटला.”

आईला तो का पटला हे टकळीला तेव्हाच कळायला हवं होतं. बाबा गेल्यापासून आई एकटी दुकान चालवत होती, आणि तिची एक रीत सगळ्या बाजारात ठाऊक होती. गिऱ्हाइकानं थान पसंत केलं की आई ते काउंटरवर उलगडायची आणि आधी दोष शोधून दाखवायची. इथे धागा तुटलाय. इथे रंग फिकटलाय. हे धुतल्यावर बोटभर आटेल. सगळं दाखवून झालं की कात्री हातात घेऊन गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायची आणि विचारायची, “कापू?” त्यानं ‘कापा’ म्हटल्याशिवाय कात्री कापडाला लागत नसे. काउंटरच्या मागे पाटी होती, कापलेला माल परत घेतला जात नाही. आई म्हणायची, ही पाटी लावायची असेल तर डाग आधी दाखवायचा.

हे सगळं लिफ्टवाल्यालाही माहीत होतं. बंद लिफ्टमधून त्याला हे टकळीनंच ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे निबंधकांच्या खोलीत बसले. लिफ्टवाल्याकडून त्याचे वडील, एक निवृत्त घड्याळजी, फार कमी बोलणारे. टकळीकडून आई आणि मामा. मामाचा हात टकळीनं आधीच आईच्या हातात देऊन ठेवला होता. निबंधकबाई चष्मा पुसून उभ्या राहिल्या. त्या टकळीला वर्षानुवर्षं ओळखत होत्या, पण कायद्याच्या बाबतीत त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सूट दिली नसती.

वर, वधू, साक्षीदार, सगळं सुरळीत पार पडलं. मग तो प्रश्न आला. टकळीनं सवयीनं तो आपल्या भाषेत सांगितला आणि मामाकडे डोळे वटारून पाहिलं. मामानं श्वास रोखला होता. तो खुर्चीला असा चिकटला होता की भूकंप झाला तरी उठला नसता.

आई उठली.

टकळीच्या तोंडचं पाणी पळालं. लिफ्टवाला पांढरा पडला. मामानं आईचा पदर ओढला तर तिनं त्याच्या हातावर चापट मारली.

“अगं आई, बस! बस खाली!”

“बसायला उठले नाही मी,” आई म्हणाली.

निबंधकबाईंनी पेन उचललं. “हरकत नोंदवावी लागेल. पण दुभाषी कोण?”

सगळ्यांनी टकळीकडे पाहिलं. टकळी म्हणाली, “मी तर वधू आहे, मला नाही करता येणार!” तिला वाटलं, सुटले. पण निबंधकबाईंनी कायद्याचं जाडजूड पुस्तक उघडलं, बोटानं ओळी धरल्या आणि म्हणाल्या, “वधूला स्वतःच्या जबाबाचं भाषांतर करता येत नाही. दुसऱ्याच्या जबाबाबद्दल कायदा गप्प आहे. आणि कायदा गप्प असला की मी बोलते. तुम्ही शपथेवर आहात. एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही. यांची हरकत कशाबद्दल? वय, आधीचं लग्न, बळजबरी की लपवाछपवी?”

टकळीनं विचारलं. आई शांतपणे म्हणाली, “लपवाछपवी. माझ्या मुलीनं काय काय लपवलंय ते या मुलाला आधी कळलं पाहिजे.”

शपथ म्हणजे शपथ. ती लिफ्टवाल्याकडे वळून त्याच्या भाषेत म्हणाली, “लपवाछपवी. माझ्या मुलीनं काय काय लपवलंय ते या मुलाला आधी कळलं पाहिजे.”

घड्याळजी वडील खुर्चीत पुढे सरकून बसले.

“ही सकाळी उठल्यावर माणसांत नसते,” आईनं सुरुवात केली. “चहा पोटात जाईपर्यंत तिच्याशी बोलायचं नाही.”

“माझी मुलगी,” टकळी दात ओठ खात म्हणाली, “सकाळी उठल्यावर माणसांत नसते.”

“माहीत आहे,” लिफ्टवाला म्हणाला.

“घेतलेली वस्तू जागेवर ठेवत नाही. कात्री तर कधीच नाही.”

“माहीत आहे,” लिफ्टवाला म्हणाला. त्याच्या गालांवर जरा रंग परत आला होता. “माझा पाना गेल्या महिन्यापासून सापडत नाही.”

“चूक झाली की कबूल करते, पण आधी भांडून.”

“आई, हे खोटं आहे!” टकळी ओरडली.

“वधूनं मध्ये बोलू नये,” निबंधकबाई म्हणाल्या. “फक्त भाषांतर.”

“चूक झाली की कबूल करते,” टकळी पुटपुटली, “पण आधी भांडून.”

“हे आत्ताच पाहिलं,” लिफ्टवाला म्हणाला, आणि मामाला आपल्या भाषेतलं भाषांतर न मिळताही हसू फुटलं.

“रागावलं की आटते,” आई म्हणाली. “कोपऱ्यात जाऊन बसते. ओढून ताणायचं नाही. तशीच सोडायची, आपोआप सैल होते.”

“मी काय कटपीस आहे का?”

“वधूनं मध्ये...”

“आटते!” टकळी किंचाळली. “ताणायचं नाही! सैल होते!”

निबंधकबाई सगळं वळणदार अक्षरात लिहून घेत होत्या. आईनं पदर सावरला. “आणि शेवटचा मोठा डाग. हा हिनं नक्की सांगितला नसेल. हिला लिफ्टची भीती वाटते.”

टकळीनं झटकन वळून आईकडे पाहिलं.

“लहानपणी कापडबाजारातल्या गोदामाच्या लिफ्टमध्ये अडकली होती. तेव्हापासून. आणि भीती वाटली की ही बोलत सुटते. बोलते ना सारखी? ती नेहमीच आनंदानं बोलत नाही. कधीकधी घाबरून बोलते. हे ज्याला कळत नाही त्याच्याकडे हिला कशी ठेवू?”

हे मात्र माहीत आहे असं लिफ्टवाल्याला म्हणता येईना. टकळीनं मान खाली घालून एकेक शब्द सांगितला, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण हे पहिल्यांदाच, आणि तेही ‘मी’ न म्हणता, कबूल करतोय. लिफ्टवाला तिच्याकडे वळला.

“म्हणजे लिफ्टमध्ये तू दरवेळी माझा हात घट्ट धरायचीस, ते प्रेम नव्हतं?”

“प्रेमही होतं!”

“वधूनं...”

“बाईसाहेब, एवढं बोलू द्या ना!”

“आणि त्या पहिल्या दिवशी?” लिफ्टवाला म्हणाला. “दारामागून तू एवढं बोललीस, ते सगळं घाबरून?” त्यानं डोक्याला हात लावला आणि मग तोच उठून उभा राहिला. “बाई, माझीही हरकत लिहून घ्या. माझ्यावरच. मीही लपवलंय. त्या दिवशी लिफ्ट केव्हाच सुरू झाली होती. हिचं बोलणं ऐकायला इतकं छान वाटत होतं की मी दार उघडलंच नाही.”

“मेल्या!” टकळी आपल्या भाषेत ओरडली.

“याचं भाषांतर?” निबंधकबाईंनी पेन रोखलं.

“हा शब्द वधूचा आहे, हरकत घेणाऱ्यांचा नाही,” टकळी घाईघाईनं म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं की टेबलाला धरून उभं राहावं लागलं. मामानं तिला खुणेनंच ‘काय झालं’ विचारलं. टकळीनं हुंदके देत हसत सगळं सांगितलं, तशी आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायला लागली. घड्याळजी वडील एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलले. “याच्याबद्दल माझ्याकडेही सांगण्यासारखं बरंच आहे. वेळ असेल तर सांगतो.” निबंधकबाई म्हणाल्या, वेळ नाही.

“वर,” त्या खडसावून म्हणाल्या, “हे सगळं कळल्यावरही तुम्हाला लग्न करायचं आहे?”

“आहे.”

“वधू?”

“आहे! पण याला मी बघून घेईन.”

“हरकत घेणाऱ्या बाई, तुमची हरकत कायम आहे?”

टकळीनं विचारलं. आईचं हसू थांबलं. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“एक राहिलं. माझ्या दुकानात पाटी आहे, कापलेला माल परत घेतला जात नाही. आजवर कोणाचाही घेतला नाही. पण या मुलाला सांग, हा परत घेईन. कधीही. घडी मोडलेला, विटलेला, फाटलेला, कसाही. पावती विचारणार नाही आणि काय झालं तेही विचारणार नाही. हिनं नुसतं यायचं. दुकान उघडंच आहे. एवढं लिहून घ्या.”

टकळीनं तोंड उघडलं. काही आलं नाही. इतके दिवस ज्याची वाट पाहिली होती ते हे होतं की काय, हे तिला कळेना. आईला मुलगा आवडत नाही म्हणून ती गप्प नव्हती. एवढ्या लांबच्या देशात, जिथे आईचा होकारसुद्धा कोणी मागत नाही, तिथे आपली मुलगी एकटी अडली तर काय, ही भीती होती ती. मायलेकींची भीती एकच, फक्त एक बोलत सुटते आणि दुसरी गप्प होते. शपथेवर असलेली दुभाषी, आयुष्यात पहिल्यांदा, एक शब्द बोलू शकत नव्हती.

मग लिफ्टवाल्यानं हात पुढे करून टेबलावर ठक ठक केलं.

“बोल,” तो म्हणाला. “मी इथंच आहे.”

टकळीनं डोळे पुसले आणि बोलली. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. ‘हिनं नुसतं यायचं’ म्हणताना आवाज चिरकला, पण तो तिनं पुन्हा सरळ केला.

निबंधकबाईंनी पेन खाली ठेवलं. “कायद्याच्या भाषेत ही हरकत होत नाही,” त्या म्हणाल्या. “याला हमी म्हणतात. बसा बाई.”

पण आई बसली नाही. ती लिफ्टवाल्यासमोर जाऊन उभी राहिली, मान वर करून त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, “कापू?”

टकळी भाषांतर करायला वळली, तोवर तो बोलून गेला होता. आपल्या भाषेत, वाकड्यातिकड्या उच्चारात, पण अगदी स्पष्ट.

“कापा.”

आईनं त्याच्या गालाला हात लावला. “मुलगा चांगला आहे गं,” ती टकळीला म्हणाली, जणू ही गोष्ट ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. मामा एवढ्या वेळच्या कोंडमाऱ्यातून सुटून फोटोसाठी ताडकन उभा राहिला आणि निबंधकबाई ओरडल्या, “बसा!” त्याला तिकडच्या भाषेतला तेवढा एक शब्द त्या दिवशी कायमचा पाठ झाला. मग सह्या झाल्या, शिक्का बसला, आणि दाखल्याच्या शेवटच्या दिवशी टकळीचा अविवाहितपणा कायदेशीर रीतीनं संपला.

बाहेर आल्यावर लिफ्टवाला सवयीनं लिफ्टच्या बटणाकडे गेला. त्यानं स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेली लिफ्ट. हात तिथवर नेला आणि मागे घेतला.

“जिन्यानं जाऊ,” तो म्हणाला.

आई, मामा आणि घड्याळजी लिफ्टनं खाली गेले. हे दोघं एकेक मजला उतरत राहिले आणि टकळी जी सुरू झाली ती थांबेना. निबंधकबाईंचा चष्मा, मामाचा श्वास, आईची चापट, हरवलेला पाना, आणि लिफ्टच्या दाराआड कोंडून ठेवल्याबद्दल त्याला मिळणारी शिक्षा. मधल्या एका मजल्यावर तो थांबला आणि काळजीनं तिच्याकडे बघितलं.

“घाबरलीस का?”

टकळीनं विचार केला. खरं खरं सांगायचं ठरवलंच होतं आज.

“नाही,” ती म्हणाली. “आज नुसतीच बोलतेय.”